सोमाच्या वाट्याची भाजी

चुलीपुढे पळसाची पानं मांडली होती, त्यांत एक जास्तीचं होतं. डोंगरातल्या लोकांच्या जुन्या खाण्यावर संशोधन करणाऱ्या माझ्या भाचीबरोबर, मृणालबरोबर, मी त्या पाड्यावर गेले होते. रानातली पहिली कोवळी भाजी आधी देवाला दाखवायची आणि मग घरातल्या प्रत्येकाच्या नावाने वाढायची, अशी तिथली रीत. आम्ही जिच्या घरी जेवायला बसलो होतो त्या हिराबाईंचा मुलगा सोमा कामासाठी गुजरातेत गेलेला, दिवाळीलाही आला नव्हता. त्याच्याही नावाने त्यांनी वाढलं.

"हे कोण खाणार, मावशी?" मृणालने हिराबाईंपुढे रेकॉर्डर धरला.

"तूच खा. आन् ते मशीन बाजूला ठेव गं बाई, त्याचं काय प्वाट भरतंय?"

"पण वाटा सोमाचा ना?"

"त्याचाच. परक्याच्या लेकीला दिला, म्हंजी तिकडं त्यालाबी कोनतरी वाढंल."

मृणाल जेवत होती तोवर हिराबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

बाळांनो, असा विश्वास कोणत्या शास्त्रात बसतो कोण जाणे, मला मात्र तो पटला. आमच्या वरच्या मजल्यावर केरळची एक नर्स एकटी राहते. आज थालीपिठं लावली, तेव्हा घरापासून इतक्या लांब असलेल्या तुम्हा दोघांच्या वाट्याची तिला गरम गरम नेऊन दिली.