खालांची रोजची एक भाकरी

थांबा, बोटांना अजून पीठ आहे, स्क्रीन पांढरी होतेय, पण हे आत्ताच सांगायचंय. माझ्या पोटात राहत नाही.

तर करंजाडेला आमच्या सोसायटीचं शनिवारी गच्चीवर जेवण होतं. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा. ग्रुपवर सगळे शहाण्यासारखे सोप्पं सोप्पं पकडत होते. सलाड, पापड. एका काकांनी तर टिश्यू पेपर घेतले. आणि मी टाइप केलं, 'तांदळाच्या भाकऱ्या माझ्याकडे.' भाकरीचा इमोजी मिळेना म्हणून पिझ्झ्याचा टाकला.

मला भाकरी येत नव्हती. हे फक्त आईला माहीत होतं. ती किचनमधूनच म्हणाली, "तुला मॅगीला टायमर लागतो गं."

पण आता माघार कशी घेणार? ग्रुपवर अंगठे आले होते. सगळ्यांचं कोळंबीचं कालवण माझ्या भाकरीवर अवलंबून.

मग मी समोरच्या फ्लॅटमधल्या खालांकडे गेले. त्या उरणकडच्या. त्यांची भाकरी म्हणजे रुमाल, घडी घाला आणि खिशात ठेवा. त्यांनी उकळत्या पाण्यात पीठ घातलं, झाकलं, जरा थांबल्या, मळलं, ओल्या हाताने परातीत थापलं. तव्यावर टम्म.

"आता रोज एक कर," खाला म्हणाल्या. "एकच. ती खा आन् गप बस."

"एकच? खाला, शनिवारी अख्खी सोसायटी येणारे."

"ती शनिवारी येनार. आज कोन हाय? आज तू हायस आन् तुजी एक भाकर."

मी हो हो म्हटलं आणि खाली जाऊन पिठाची मोठी पिशवी आणली. रोज एकने मी कधी पोचणार? एका संध्याकाळीच शिकून टाकू म्हटलं.

खाला जिथे जरा थांबल्या होत्या ना, तिथे मी थांबले नाही. वाफाळत्या उकडीत थेट हात. पहिली भाकरी तव्याला चिकटली. दुसरी निघाली, पण अर्धी. मग मी स्पीड वाढवला, कारण मला वाटलं प्रॉब्लेम स्पीडचा आहे. बाबांनी एक चावायला घेतली, मग चहात बुडवली आणि मऊ व्हायची वाट बघत बसले.

दुसऱ्या दिवशी तळहात लाल. फोन धरवेना, ऑफिसच्या लोकांना व्हॉइस नोट. आई माझी वेणी घालताना इतकी हसत होती की भांग वाकडा आला.

खाला कोरफड घेऊन आल्या. "शिकलीस सगळी?"

"पीठ संपलं."

"पीठ दुकानात मिलतं गो. हात कुटं मिलनार?"

मग हात बरे होईपर्यंत काहीच नाही. शनिवारच्या आधी जेमतेम दोन दिवस उरले. दोन्ही दिवस एकेक केली, थांबून, पाणी लावून. दुसरी एका बाजूने फुगली. मी तिचा व्हिडिओ काढला, आईने खाऊनही टाकली.

आणि आज शनिवार. गच्चीत शेगडी, मी आणि समोर ताटं घेऊन लाइन. भाकऱ्या चांगल्या होत होत्या, खरंच. पण एक व्हायची तोवर लाइन वाढायची. टिश्यूवाले काका तीनदा येऊन गेले. "बाळा, कालवण गार झालं. पाव आणू का?"

मी म्हटलं, आणा.

पाव आले, सगळे जेवले. रडू येणार होतं तेवढ्यात खाला माझ्या शेजारी ताट घेऊन बसल्या. पाव घेतला नाही. माझी भाकरी होईपर्यंत बसून राहिल्या. घास मोडला, चावला.

"कड जाड हाय," म्हणाल्या. "पन जेवता येतं. उद्या परत एक."

आईला म्हटलं, उद्या एकच करणार. ती म्हणाली, लिहून दे.

तुमचं पण असं झालंय का? एका संध्याकाळीच सगळं शिकून टाकायला गेलात आणि हातच भाजून बसलात? सांगा ना, प्लीज, मला एकटीला फार ऑकवर्ड वाटतंय.