शेंगदाणा निर्दोष सुटला

माझ्या मणक्यातली चकती एका शेंगदाण्यामुळे सरकली.

हसलात? हसून घ्या. अमेरिकेतल्या आमच्या चँडलरमधल्या यच्चयावत मराठी माणसांचं हसून झालंय, तुम्हीच का मागे राहता! पोतं नव्हे, पिशवी नव्हे, अख्खी शेंगसुद्धा नव्हे. एक दाणा. तोही भाजलेला, म्हणजे वजनाला आणखीच हलका.

झालं असं, की एकादशीच्या सकाळी माझी बायको उज्ज्वला खिचडीसाठी दाणे भाजत होती. (एकादशी दुप्पट खाशी, हे आमच्या घराचं ब्रीद आहे.) ताटात ओतताना एक दाणा उडाला आणि घरंगळत फ्रिजपाशी गेला.

"मिलिंद, तेवढा दाणा उचल रे, पायाखाली येईल."

मी वाकलो. कमरेत 'कट्' झालं आणि मी काटकोनात जागच्या जागी थांबलो.

"मिळाला का?" उज्ज्वलानं विचारलं.

"उज्ज्वला, मला सरळ होता येत नाहीये."

"बरं, मग दाणा तरी दे."

तासाभरानं आमची वरात डॉक्टरकडे. डॉक्टर गोरा, तरुण, टापटीप. त्यानं विचारलं, "काय उचलत होतात?"

"शेंगदाणा."

"किती मोठी गोणी?"

"गोणी नाही हो, एक दाणा!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग उज्ज्वलाकडे पाहिलं. वेदनेमुळे पेशंट बरळतोय, असा त्याचा समज झाला असावा. "बरं, काही खेळता वगैरे का?"

"गोल्फ खेळतो, पण त्याचा इथे…"

"आह! गोल्फ!" असं म्हणून डॉक्टरचा चेहरा जो काही खुलला! मग तो दहा मिनिटं मणक्याचा प्लॅस्टिकचा सापळा हातात घेऊन बोलत होता. चकत्यांची झीज, कमरेला पडणारा पीळ, वय, बैठं काम, असं बरंच काही त्यात होतं. पण घरी जाताना गाडीत उज्ज्वलानं त्याचं जे सार काढलं ते असं: "गोल्फनं कंबर गेली, दाणा आपला निमित्त."

"असं तो कुठे म्हणाला?"

"तू आडवा होतास. मी ऐकत होते."

ऑपरेशन टळलं. गोळ्या, व्यायाम आणि कित्येक महिन्यांची विश्रांती एवढ्यावर निभावलं. पण गोल्फची बॅग त्याच दिवशी गॅरेजमध्ये गेली, ती गणपतीच्या मखराच्या मागे, अगदी भिंतीला टेकून. ती बाहेर काढायची तर आधी मखर उचलायला हवं, आणि मला तर वजन उचलायची बंदी! बाईचं डोकं बघा. शेंगदाण्यांची बरणी मात्र होती तिथेच, गॅसच्या बाजूला, वरपर्यंत भरलेली.

आता गोल्फ म्हणजे माझा कोण, हे सांगायला हवं. मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे. दिवसभर एक मीटिंग संपते आणि तिच्यात काय ठरलं हे ठरवायला दुसरी सुरू होते. घरी आलो की ईराचा, म्हणजे आमच्या मुलीचा, गणिताचा क्लास, गवत कापणाऱ्याचा मेसेज, सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. आठवड्यात शनिवारची सकाळ तेवढी माझी. हिरवळ, ऊन, समोर डोंगर आणि मला कुणी काहीही विचारत नाही. अठरा होल चालत खेळायचे, त्यात निम्मा वेळ हरवलेला चेंडू शोधण्यात जातो, पण तो माझा चेंडू असतो आणि मी माझा शोधत असतो! मला गोल्फ हवा होता. जीव तुटत होता म्हणा ना.

त्यात चँडलर म्हणजे ॲरिझोनाचं वाळवंट. उन्हाळ्यात खेळायचं म्हणजे तव्यावर उभं राहून खेळायचं. जे काय खेळायचं ते ऑक्टोबर ते एप्रिल. आणि मी ऑक्टोबरात हॉलमधल्या गालिच्यावर उताणा, छताचा पंखा बघत.

समाचाराला माणसं येऊ लागली. पहिल्या आल्या सुमनकाकू. ह्या इथे तीस वर्षं आहेत. कुणाला बाळ होवो, कुणाचा व्हिसा अडको, काकू डबा घेऊन दारात हजर. काकूंना सगळं कळतं, आणि काकूंना कळलं की सगळ्यांना कळतं.

"कसं रे झालं हे?"

"काकू, शेंगदाणा उचलत होतो."

काकू हसल्या. "चल! खरं सांग."

"अहो, खरंच!"

"काकू, गोल्फ," उज्ज्वलानं स्वयंपाकघरातून निकाल दिला. "सहा वर्षं खेळतोय. आणि नाव घेतोय शेंगदाण्याचं! दाण्यानं कुणाची कंबर जाते का?"

"मी म्हणतच होते," काकू म्हणाल्या. (कधी? कुणाला?) "कंबर पिळून काठीनं चेंडू लांब फेकायचा आणि मग आपणच शोधत हिंडायचं. हा काय शहाण्या माणसाचा खेळ आहे!"

दिवाळीच्या फराळाला मी खुर्चीत उशी घेऊन बसलो होतो, तर जो तो येऊन विचारी, "काय मग, शेंगदाणा कसा आहे?" बायका उज्ज्वलाला म्हणत, "कसं गं निभावतेस?" आणि उज्ज्वला दाणे घातलेला चिवडा वाढत म्हणे, "काय करणार, पुरुषांना खोटं बोलायलाही धड येत नाही." ईरा तर माझीच मुलगी, पण तिनं मैत्रिणींना सांगितलं, "माय डॅड गॉट टेकन आउट बाय अ पीनट." निदान तिनं खरं कारण सांगितलं, म्हणून मी तिला काही बोललो नाही.

जानेवारीत मला व्यायाम शिकवायला ब्रायन नावाचा धिप्पाड फिजिओथेरपिस्ट मिळाला. त्यानं मला विचारलं, "तो दाणा तू उचललास कसा?" अहो, पहिला माणूस! मला गहिवरून आलं. मी त्याला वाकून दाखवलं, म्हणजे जेवढं जमलं तेवढं.

"इथेच चुकलास," ब्रायन म्हणाला. "हलकी वस्तू उचलायची ती अशी." त्यानं एक हात टेबलावर टेकला, एक पाय सरळ मागे हवेत उचलला, कंबर ताठ ठेवली आणि अख्खा माणूस तराजूच्या दांडीसारखा पुढे कलला. जमिनीवरची पेन्सिल उचलून पुन्हा तसाच वर आला. "ह्याला गोल्फर्स लिफ्ट म्हणतात. गोल्फर होलमधून चेंडू असा काढतात ना, म्हणून. तू तर गोल्फर आहेस, तुला माहीत हवं!"

मी घरी कसा आलो मलाच ठाऊक. दारातूनच ओरडलो, "उज्ज्वला! मी गोल्फरसारखा वाकलो असतो तर वाचलो असतो! गोल्फ निर्दोष आहे!"

तिनं कणीक मळता मळता ऐकून घेतलं. "म्हणजे शेवटी गोल्फचाच संबंध निघाला ना?"

ह्या बाईशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!

पण ब्रायन भला माणूस. मार्च उजाडल्यावर त्यानं उज्ज्वलाला फोनवर स्वतः सांगितलं की आता हलकं खेळायला हरकत नाही, उलट बरंच. मग घरात वाटाघाटी झाल्या. नऊच होल. चालायचं नाही, मैदानावरच्या छोट्या गाडीतून जायचं. जोरात मारायचं नाही. आणि शेवटची अट: "मी बरोबर येणार. तुझ्या कमरेवर माझं लक्ष असेल."

मखर जाधवनं उचललं. जाधव माझा गोल्फचा जोडीदार, मूळचा नागपूरचा. पाच महिन्यांनी ती बॅग पाहिली आणि मला अक्षरशः भरून आलं. "अबे, रडतो का काय?" जाधव म्हणाला. मी धूळ गेली डोळ्यात म्हणालो.

त्या शनिवारी मी जसा खेळलो तसा जन्मात खेळलो नव्हतो. जोर लावायची बंदी असल्यामुळे चेंडू चक्क सरळ जात होता! कंबर कुरकुरली नाही. उज्ज्वला गाडीत छत्री उघडून बसली होती आणि दर टोल्याला "हळू!" असं ओरडत होती. बाजूच्या होलवरचे लोकही दचकून हळू मारायला लागले.

नववा, म्हणजे शेवटचा होल. माझा चेंडू होलपासून जेमतेम चार हात. हा एक टोला आत गेला की पार, म्हणजे ठरलेल्या टोल्यांत काम फत्ते. सहा वर्षांत माझे पार मोजायला एक हात पुरतो. मी पटर, म्हणजे चेंडू हळूच होलमध्ये ढकलायची काठी, हातात घेतला, श्वास रोखला. मागे आपली पाळी येण्याची वाट बघत चार गोरे म्हातारे उभे.

एवढ्यात उज्ज्वलाला भूक लागली. ती चिवड्याचा डबा घेऊन थेट हिरवळीच्या कडेला आली. "घेणार का थोडा?" तिनं मूठ पुढे केली आणि मुठीतून एक दाणा निसटला. ती हिरवळ कॅरमच्या बोर्डासारखी गुळगुळीत. दाणा ऐटीत घरंगळत आला आणि माझा चेंडू आणि होल ह्यांच्या बरोबर मध्ये थांबला.

"घ्या," जाधव म्हणाला. "आला तुझा वैरी."

मी घाबरलो नाही. मी आता शिकलेला माणूस होतो. पटर जमिनीवर टेकला, पोट आत घेतलं आणि उजवा पाय हळूहळू मागे हवेत उचलला.

"हे काय चाललंय?"

"दाणा उचलतोय."

"एक दाणा उचलायला भरतनाट्यम? लोक थांबलेत मागे! सरक, नुसती नाटकं!" आणि मी एका पायावर असतानाच उज्ज्वला तरातरा आली, कमरेतून वाकली, दाणा उचलला…

"आई गं!"

आणि ती तिथेच काटकोनात थांबली.

देवाशप्पथ सांगतो, माझ्या मनात काही नव्हतं. पण पाच महिने तोंडात अडकलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं, "मिळाला का?"

"मिलिंद!! मला सरळ होता येत नाहीये!"

पुढे काय गोंधळ झाला, विचारू नका. मला वजन उचलायची बंदी. जाधव दोन पावलं लांबून विचारतोय, "वहिनी, धरू का? वहिनी, चालेल ना?" आणि वहिनी जमिनीकडे बघत ओरडतायत, "धरा हो एकदाचं!" मागच्या म्हाताऱ्यांना वाटलं, बाई हिरवळीचा उतार तपासतायत. त्यांनी अदबीनं टोप्या काढल्या. मैदानाची देखरेख करणारा माणूस येऊन विचारू लागला, "मॅडमचा चेंडू हरवलाय का?" शेवटी दोघांनी धरून तिला होती तशी, घडी न उलगडता, गाडीत ठेवली.

मी एकदा मागे वळून चेंडूकडे पाहिलं. फक्त पाहिलं हो!

"मिलिंद, तो चेंडू मारायचा विचारसुद्धा करू नकोस!" गाडीतून आवाज आला. तिचं तोंड जमिनीकडे होतं. तिला दिसलं कसं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

घरी आल्यावर ईरानं दार उघडलं. "मॉम टू? सिरियसली, यू गाइज!" आणि संध्याकाळी, अर्थातच, सुमनकाकू. ह्या खेपेला डब्यात पुरणपोळ्या होत्या. (मला मुगाचं कढण आणलं होतं.) मागोमाग आणखी दोघीतिघी. उज्ज्वला गालिच्यावर उताणी, माझ्याच जागी, माझाच पंखा बघत.

"कसं गं झालं हे?" काकूंनी विचारलं.

मी सरसावून बसलो. पाच महिने मी ह्या क्षणाची वाट बघत होतो! साक्षीदार जाधव तयार होता. शेंगदाणा तर अजून उज्ज्वलाच्या मुठीतच होता, तिनं वाटेत कुठे टाकला नव्हता. एक वाक्य बोलायचं, की गोल्फ सुटला, मी सुटलो, आणि पुढच्या दिवाळीला "शेंगदाणा कसा आहे?" हे सगळे तिला विचारणार.

उज्ज्वलानं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, दुखत असणारच, ते दुखणं मला ठाऊक आहे. पण तिला ती दिवाळीही दिसत होती. पाच महिन्यांचा माझा सगळा संताप कुठे विरघळला देव जाणे. माझीच बायको ती, तिला असं चौघींत हसलेलं मला बघवलं नसतं.

"गोल्फ, काकू," मी म्हणालो. "गोल्फच. मीच नेलं होतं तिला."

"मी म्हणतच होते!" काकू कडाडल्या. "स्वतःची कंबर मोडून भागलं नाही, म्हणून बायकोची? अरे, लाज कशी वाटत नाही तुला?" जाधवनं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. उज्ज्वलानं हळूच माझा हात धरला आणि मुठीतला दाणा माझ्या हातात सरकवला. मी तो खाऊन टाकला. पुरावा नष्ट.

बॅग पुन्हा मखराच्या मागे गेली. फक्त पटर तेवढा मी ठेवून घेतलाय, कारण आता उज्ज्वलालाही वाकायला बंदी आहे आणि स्वयंपाकघरात पडेल ते उचलायचं काम माझ्याकडे आहे. एकादशीला ती उभ्यानं दाणे भाजते. ते उडतात. मी पटर टेकतो, पाय मागे हवेत उचलतो आणि एकेक टिपतो. परवा जाधवनं फोन करून विचारलं, "काय बे, गोल्फ पार बंद केला का?"

"छे रे," मी म्हटलं. "आज सकाळीच अठरा झाले."