जाता की जातंय

"जाता."

खांद्यावरचा पंचा काढायचा, एकदा झटकायचा, परत खांद्यावर टाकायचा आणि हा एवढाच शब्द बोलायचा. आमच्या मळ्यातल्या मामांचं बोलणं बहुतेक वेळा इथेच संपायचं. पुढचं काय ते तुम्ही समजून घ्या.

मी लग्न होऊन कोल्हापूरकडून डिचोलीत आले, त्याच वर्षी आम्ही घरामागच्या शेतात वर्गणीदारांचा मळा सुरू केला. म्हणजे म्हापसा-पणजीकडच्या काही कुटुंबांनी हंगामाच्या सुरुवातीला वर्गणी द्यायची आणि दर शनिवारी मळ्यात जे पिकेल त्याची टोपली घ्यायची. पीक आलं तर सगळ्यांचं, बुडालं तरी सगळ्यांचं. बोलायला फार सोपं आहे हो. कामाला जाणता माणूस हवा होता, तेव्हा मामा मिळाले. मूळचे बांद्याकडचे. खाणी बंद पडल्या आणि त्यांचा खनिजाचा ट्रक दारात उभा राहिला तो राहिलाच.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, पंप दुरुस्त होईल का. ते म्हणाले, "जाता." आता आमच्याकडे 'जाता' म्हणजे निघालात. मी घाबरून म्हटलं, अहो थांबा, चहा तरी घेऊन जा. ते चहा प्यायले आणि शांतपणे पंपाकडे गेले. दुपारी पुन्हा तोच प्रकार. आठवडाभर त्यांना इतका चहा पाजला की शेवटी त्यांनीच माझ्या नवऱ्याला सांगितलं, "बायकडे 'जाता' म्हटला की च्या गावता." नवरा पोट धरून हसला. तेव्हा मला कळलं, इथल्या कोकणीत जाता म्हणजे होईल, जमेल, चालेल.

मामांच्या अंगातून ट्रक काही गेला नव्हता. हातगाडी वळवायची तरी लांबून मोठा फेरा घ्यायचे. शेणखत घेऊन कोणी मागे सरकत असलं की बाजूला उभं राहून "येऊं दे, येऊं दे, रव" सुरू, रव म्हणजे थांब. भोपळ्यांमधून चालताना प्रत्येकाला काठीने एक ठोका द्यायचे. टायरची हवा बघायची सवय, दुसरं काय.

वर्गणीदारांपुढे मात्र त्यांच्या त्या शब्दाने माझी पंचाईत केली. पर्वरीच्या एका बाईंनी विचारलं, इथे फ्लॉवर होतो का. मामा म्हणाले, "जाता." बाई पुढचे कितीतरी शनिवार टोपली उलटीपालटी करून फ्लॉवर शोधत राहिल्या आणि फोन मला. मी मामांना जाब विचारला, तर त्यांनाच नवल वाटलं.

"मी 'जाता' म्हटलंय. 'लावलंय' म्हणाक नाय."

एकदा माकडांचा कळप येऊन काकड्या, भेंडी, दोडकी, सगळं ओरबाडून गेला. टोपलीत घालायला मुळ्याचा पाला आणि मूठभर चवळी उरली. लोकांना तोंड दाखवायची मला लाज वाटत होती, म्हणून टोपल्या घेऊन मामाच दारोदार गेले. प्रत्येक दारात एकच वाक्य: "हो आठवडो माकडांचो. फुडलो तुमचो." लोक चक्क हसले. वर्गणी परत कोणी मागितली नाही. मळा नावाला आमचा आहे, उभा मात्र या माणसावर आहे, हे मला त्या दिवशी नीट समजलं.

मग खाण पुन्हा सुरू होणार अशी बोलवा उठली. मामांचा ट्रक त्यांच्या दारात ताडपत्रीखाली होता, त्याच्यावर दुधीचा वेल चढलेला. एक दिवस बाजारातून येताना पाहिलं तर वेल कापलेला आणि केबिन धुतलेली. हिवाळ्याची लावणी तोंडावर, वर्गण्या घेऊन झालेल्या. वाफे काढण्यापासून पाण्याच्या पाळ्यांपर्यंत सगळं त्यांच्या हातात. ते गेले तर मळा बसला.

मी सरळ विचारलं, "मामा, हा हंगाम राहाल ना आमच्याकडे?"

त्यांनी पंचा झटकला. "जाता."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. म्हणाला, "अगं, ते बांद्याचे. तिकडे 'मी निघालो'ला 'जातंय' म्हणतात. शेवटचा य ऐकलास का तू?"

मी आठवून आठवून थकले. कधी य ऐकू यायचा, कधी नाही. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. खरं सांगते, मला उत्तर नकोच होतं.

मामा रोज येत राहिले. तांबडी भाजी पेरली, नवलकोल लावला, मुळा, वांगी, मिरची, एकही वाफा रिकामा ठेवला नाही. मी निर्धास्त झाले, म्हटलं य नव्हताच. आणि एका सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. त्याच आठवड्यात रस्त्यावर ट्रकांची रांग सुरू झाली.

असा राग आला म्हणता! निदान सांगून तरी जायचं. मग वाटलं, सांगितलंच असेल, मलाच कळलं नसेल. पण लावणी पुरी करून गेलेला माणूस राहिला म्हणायचा की गेला, हे मला अजून ठरवता येत नाही. मळा लंगडत चालू आहे. टोपल्या हलक्या झाल्या, काही वर्गणीदार गळाले. मला मामांची फार आठवण येते.

खनिजाची लाल धूळ आता मळ्यावर बसते. तांबड्या भाजीवर ती दिसत नाही, मुळ्याच्या पानांवर दिसते. सकाळी मी पाइप घेऊन पानं धूत असते आणि रस्त्याने ट्रक धाडधाड जात असतात. त्यांतला एक आमच्या बांधापाशी आला की माणूस पायी चालावा इतका हळू होतो, धूळ उठू नये म्हणून. मागची सगळी रांग खोळंबते, हॉर्न वाजतात, शिव्या ऐकू येतात. केबिनमध्ये मामा समोर रस्त्याकडे बघत असतात, माझ्याकडे नाही.

मी हात वर करते. थांबा म्हणून की जा म्हणून, माझं मलाच कळत नाही.