धुरपताबाईचं निवळलेलं पाणी

नंदिनी लग्न होऊन हिंगणघाटहून अमरावती-नागपूर रस्त्यावरच्या कारंज्याला आली ती विजेची किटली घेऊन. महिनाभरात किटलीच्या तळाला पांढरं खवलं धरलं, पाणी तापायला दुप्पट वेळ लागू लागला आणि चहात चुन्यासारखे कण दिसू लागले. माहेरची वस्तू, तीही कोरी करकरीत! नंदिनीचे डोळेच भरून आले. सासूने, धुरपताबाईने, किटलीत डोकावून पाहिलं, लिंबाएवढी चिंच टाकली, पाणी ओतलं आणि दोन उकळ्या आणल्या. खवलं सालीसारखं सुटून आलं.

"किटलीचा दोष नाई बाई, पान्याचा हाय," ती म्हणाली. "इथलं बोरचं पानी दगड खाऊन वर येते."

धुरपताबाई शाळेची पायरी चढलेली नव्हती. जन्म गेला कापूस वेचण्यात. पण पाण्याच्या बाबतीत शिकल्यासवरल्यांनी तिच्यापुढे बोलू नये. कुणाच्या बोरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, कुणाच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, कुणाचा गिझर दिवाळीआधी मान टाकणार, हे ती अंगणातल्या बादलीचा काठ पाहून सांगायची. नंदिनीला आधी गंमत वाटली, मग नवल वाटलं, आणि मग ती सासूला जीवच लावून बसली.

या बाईचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा चहा. अमरावतीकडून दीक्षाभूमीला निघालेल्या गाड्या पहाटेपासून कारंज्याच्या वस्तीपाशी थांबत आणि धुरपताबाई येईल त्याला चहा देई. सत्तावीस वर्षं एकही खाडा नाही. तिचा बाप छप्पन साली पायी नागपूरला गेला होता. त्याच्या ओंजळीत पाणी घालायला लोक दहादा विचार करायचे असे ते दिवस. वाटेत एका अनोळखी बाईने जात न विचारता त्याला तांब्याभर पाणी दिलं, आणि ते पाणी बाप मरेपर्यंत आठवत राहिला. म्हणूनच लेक चहा करायची. त्यात तिचा जीव होता.

रस्ता रुंद झाला तेव्हा वस्तीची गोड्या पाण्याची विहीर त्यात गेली. राहिलं बोरचं. त्या पाण्यात चहा रंग धरत नाही, वर तवंग येतो, चव मातकट लागते. धुरपताबाईने त्यावरही तोड काढली. आदल्या संध्याकाळी दोन मोठे गंज, म्हणजे उभी पातेली, भरून पाणी खळखळ उकळायचं आणि झाकून ठेवायचं. सकाळपर्यंत क्षार तळाशी बसतो. मग धक्का न लावता वरचं निवळलेलं पाणी तेवढं ओगराळ्याने काढून घ्यायचं.

वस्तीच्या समितीचा सचिव प्रफुल्ल मास्तर होता. पोरगा वाईट नव्हता, फक्त घाईचा होता. यंदा आदल्या दिवशी तो येऊन म्हणाला, "मावशी, तुमचे गुडघे गेले. किती कष्ट करता? यंदा चहा जमला तं ठीक, नाई तं पुढच्या वर्षीपासून चहाची मशीन लावू." धुरपताबाई हसली, पण त्या संध्याकाळी तिने पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळ उकळलं.

नंदिनी तेव्हा विहारात माळा बांधत होती. तिने यातलं काही पाहिलं नाही, आणि आजवर घरात कुणाला सांगायची वेळ आली नव्हती म्हणून धुरपताबाईनेही सांगितलं नाही.

पहाटे नंदिनी सगळ्यांच्या आधी उठली. माहेरी तिची आई या दिवशी घरातलं शिळं पाणी टिपूसभरही ठेवत नसे. नंदिनीने दोन्ही गंज नालीत रिकामे केले, तळाचा पांढरा थर राखेने घासून घासून काढला आणि बोरचं ताजं पाणी काठोकाठ भरलं. शाबासकी मिळेल म्हणून ती सासूच्या उठण्याची वाट पाहत बसली.

धुरपताबाई आली. तिने गंजात पाहिलं, मग नालीकडे पाहिलं. नंदिनीला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं की आपण काहीतरी भयंकर केलंय.

"आई, का झालं?"

"काही नाई. भट्टी पेटव."

एवढ्यात पहिली गाडी आलीच. पुन्हा उकळून निवळायला रात्र हवी होती. पाण्याच्या जारवाल्याचं दुकान अजून बंद. चहा झाला तो गढूळ झाला. लोकांनी चांगुलपणाने घेतला, पण दरवर्षी दुसरा कप मागणाऱ्या यशोदाबाईने पहिलाच अर्धा ठेवला. प्रफुल्लने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, पानी उकळून नाई ठेवलं काऊन?"

"इसरली मी," धुरपताबाई म्हणाली. "वय झालं बाप्पा. लावजो तू मशीन."

नालीत ओतलेलं पाणी कोणतं होतं, ते नंदिनीला आत्ता कळलं. ज्या बाईला कुणाच्या घरची बादली कधी पांढरी झाली तेही आठवतं, ती विसरली? आणि कुणासाठी, तर चार महिन्यांपूर्वी घरात आलेल्या सुनेसाठी! नंदिनीला रडू आवरेना. तिने हातातला ट्रे खाली ठेवला.

"आई इसरली नाई, भाऊ. निवळलेलं पानी मी फेकलं. शिळं समजून."

"तू गप राय!" धुरपताबाई पहिल्यांदाच तिच्यावर कडाडली.

भोवतीच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. प्रफुल्ल ओशाळला. तो हळूच म्हणाला, "ते ठीक हाय, मावशी. पन तुमच्या गुडघ्याचं काय? आज ना उद्या हे कोनी तरी सांभाळाच लागन ना?"

धुरपताबाईने पदराने सुनेचे डोळे पुसले, जरा जोरातच.

"हे सूनच सांभाळन," ती म्हणाली. "बाकीच्यायले मले शिकवा लागन. हिनं एकदा फेकलं, हे आता जलमभर पान्यावर पहारा देईन."