स्नायू या एका शब्दाने

धारला मी शाळेत सृष्टिज्ञान शिकवीत असे. वर्गातली चित्रे थोरल्या भावाची असत. कचेऱ्यांच्या पाट्या रंगवणे हा त्याचा पोटाचा धंदा. मोठ्या कागदांवर ती तो हौसेने काढून देई. लाल शाईच्या पाण्यात उभी केलेली तेरड्याची फांदी आम्ही आडवी कापली, तेव्हा पाणी वर नेणाऱ्या ऊती लाल ठिपक्यांसारख्या उमटल्या होत्या. त्याने त्या जशाच्या तशा काढल्या. हातापायांचे पट्टेदार स्नायू, आतड्यांचे बिनपट्ट्यांचे, आणि हृदयाचे, म्हणजे पट्टे असूनही आपल्या हुकमात नसलेले, हे तिन्ही प्रकार मुलांना त्याच्या चित्रांवरूनच कळत.

"मास्तर, बकऱ्याचं काळीज काढून झालं," तो म्हणे. "आता तुझं काढतो. पण सापडायला हवं!"

एकदा पाटी रंगवताना तो शिडीवरून पडला आणि उजवा दंड दगडी पायरीवर आपटला. हाड शाबूत होते, पण मनगट लोंबू लागले. बोटे सरळ होईनात, कुंचला धरता येईना. देवासला पूर्वेकडून आलेले, हिंदी बोलणारे एक डॉक्टर होते. त्यांनी हात चाचपला, मनगटाखाली फळी देऊन पट्टी बांधली आणि मला म्हणाले, "स्नायु दब गया है। तीन-चार महीने पट्टी मत खोलना। धीरज रखो, लौट आएगा।"

स्नायू हा तर माझा रोजचा शब्द. मुका मार बसलेला स्नायू पंधरा दिवसांत सुधारतो, बांधून ठेवला तर वाळतो, असे मी मुलांना शिकवत होतो. डॉक्टर जुन्या वळणाचे असतील, असे मी ठरवून टाकले. विसाव्या दिवशी मी माझ्या हाताने पट्टी सोडली. मग रोज सकाळी पाण्याने भरलेली लोटी त्याच्या पंजाला बांधून मी त्याला मनगट उचलायला लावी.

"दुखतंय रे."

"दुखणारच. स्नायू जागा होतोय."

"तुझ्या वर्गातली पोरं बरी. त्यांना घंटा झाली की सुटी तरी मिळते."

काही सकाळी तो पांघरूण ओढून पडून राही. मी त्याला सर्वांदेखत आळशी म्हणालो, एकदा नव्हे, अनेकदा.

संक्रांतीपर्यंत हात काठीसारखा झाला. पुन्हा देवास गाठले. डॉक्टरांनी भावाला ओसरीवर बसवले आणि मला विचारले, "पट्टी किसने खोली?"

मी सांगितले. डॉक्टर म्हणाले, "मैंने स्नायु कहा था, मांसपेशी नहीं।"

त्यांच्या बोलण्यात स्नायु म्हणजे मेंदूचा हुकूम नेणारा पांढरा धागा, आपण ज्याला मज्जातंतू म्हणतो तो; आपल्या स्नायूला ते मांसपेशी म्हणत. दंडात तोच चेपला होता. त्याला विसावा हवा होता आणि मी त्याला रोज ओढत होतो.

"और अब?"

"अब कुछ नहीं।"

सगळा दोष त्या शब्दावर टाकावासा मला फार वेळा वाटला. पण 'तीन-चार महिने' या शब्दांचा अर्थ दोन्ही भाषांत एकच होता.

परतताना टांग्यात भावाने विचारले, "काय म्हणाले रे?"

"वेळ निघून गेली म्हणाले."

तो बाहेर बघत म्हणाला, "मीच कंटाळा केला. तू सांगत होतास तेवढं केलं असतं तर..." धारपर्यंतचा सगळा रस्ता मला बोलायला मोकळा होता. मी बोललो नाही.

याला आता बारा-तेरा वर्षे झाली. परवा त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. तो डाव्या हाताने घास घेत होता, आमटी सदऱ्यावर सांडली. वहिनी पुसता पुसता म्हणाल्या, "भावजी इतकं जीव तोडून सांगत होते, पण यांना मेलं झोपायला हवं होतं!"

"खरं आहे," भाऊ म्हणाला आणि माझ्याकडे बघून ओशाळून हसला.

वहिनींनी मला भात वाढला. मी तो संपवला.