दिलीपदादांची पोकळ गिटार

ऑर्केस्ट्रात पंधरा वर्षं काढली की गाणी विसरायला होतात, किस्से मात्र साठत जातात. कार्यक्रम संपवून वायरी गुंडाळायला बसलो की कुणीतरी सुरू करतोच, "आठवतंय का, त्या निफाडच्या हळदीला…" आमच्या नाशिक रोडच्या ग्रुपमधले निम्मे किस्से एकट्या दिलीपदादांचे. दादांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, आणि आमच्यात ते गिटारला. मी कीबोर्डला. हल्ली हे किस्से सांगताना हसता हसता मध्येच विषय बदलतो मी, सांभाळून घ्या.

*

बाकीचे गिटारवाले चपटी, भरीव गिटार वाजवायचे. दादांनी जुन्या घाटाची, पोट सुटलेली पोकळ इलेक्ट्रिक गिटार आणली. वर दोन वळणदार फटी. ड्रमवाला संत्या म्हणाला, "दादा, हिच्यात दोन किलो द्राक्षं बसतील!"

दादांनी वायर न जोडताच तार छेडली आणि माझा हात धरून गिटारच्या पाठीवर ठेवला. लाकूड आतून थरथरत होतं.

"भरीव गिटार स्पीकरमधून बोलते रे. ही आधी माझ्या पोटाशी बोलते, मग तुमच्याशी!"

*

पण तिची एक खोड होती. स्पीकर मोठा केला की ती आपोआप घुमायची. निफाडच्या हळदीला ऐन रंगात तिनं असा काही गळा काढला, की नवरदेवाचे मामा धावत आले. "अहो, लग्नाच्या घरात कोण रडतंय? बरं नाय हे!"

दादांनी शांतपणे बूट काढले, पायातले दोन्ही मोजे काढले आणि एकेका फटीत कोंबले. घुमणं बंद!

घरी वहिनींनी विचारलं, "मोजे कुठे टाकलेत?"

"तिच्या तोंडात!"

*

मग एके वर्षी दादा सूर लावताना गिटारच्या कडेला दात टेकवायला लागले. आम्ही खो खो हसायचो. संत्या म्हणायचा, "दादा, दम धरा, जेवण येतंय!"

दादांचा डावा कान गेला होता आणि उजवा चालला होता. लाकडातून दातांत, दातांतून डोक्यात, असं ते ऐकत होते. हे कळलं त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

*

कानाला मशीन लागलं. तेही शिट्टी मारायचं. "आता मी आणि गिटार, दोघंही बोंबलतो!" म्हणत दादा सगळ्यांच्या आधी हसले. वहिनी हसल्या नाहीत.

*

देवळ्याच्या कार्यक्रमात गाणं संपलं, आम्ही थांबलो आणि दादा वाजवतच राहिले. संत्यानं पटकन ठेका धरला, मी माईकवर ओरडलो, "दिलीपदादांचा सोलो!" टाळ्या पडल्या. दादांनी लाजून मान झुकवली.

परतताना गाडीत ते विचारत होते, "सोलो ठरला कधी रे?"

*

शेवटी ग्रुपनं ठरवलं, दादांना थांबायला सांगायचं. सांगायचं मी, कारण मला ग्रुपमध्ये त्यांनीच आणलं होतं.

सकाळी दुकानात गेलो. दादा स्टुलावर बसलेले, गिटार छातीशी घट्ट, ना वायर, ना मशीन. तारा उतरलेल्या, सूर पार गेलेला. पण चेहरा इतका सुखी, की मी दारातच उभा राहिलो.

मला बघताच त्यांनी वही पुढे सरकवली. "मशीन घरी राहिलं. काय ते लिही."

मी लिहिलं, 'दादा, आता'. पेन पुढे जाईना. दादा वाट बघत होते. मग घाईघाईनं लिहिलं, 'रविवारी येवल्याला कार्यक्रम आहे. चारला निघू. तयार राहा.'

दादांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"आणि हे 'दादा, आता' अर्धंच का रे सोडलंस?"

त्यांनी गिटार पेटीत ठेवली, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "संत्याला सांग, मी विचारलं, पण दादाच म्हणाले, आता जमायचं नाही."