बुधवारच्या पाच जागा

धनजच्या फाट्यावर कारंज्याची एसटी नीट थांबायच्या आधीच मायनं खिडकीतून आपली पिशवी आत टाकली. मग माझी ओढणी, मग काकूंचा हातरुमाल. असं करत करत तिनं पाच जागा धरल्या. जायचं होतं आम्हा दोघींनाच, पण काकू, मामी आणि चुलतभाऊ कारंज्यापर्यंत पोचवायला येतो म्हणाले होते. आतल्या एका गृहस्थानं पिशवी उचलली तशी माय खालूनच म्हणाली, "भाऊ, धरेल हाय ते जागा." त्यानं निमूटपणे पिशवी होती तिथं ठेवली. आमच्याकडे या कायद्यावर कोणी वाद घालत नाही. ऐनवेळी काकूंना रडू आवरेना, मामीला एसटी लागते हे आठवलं, भाऊ त्या दोघींना सांभाळायला थांबला, आणि कोणीच चढलं नाही. उभी असलेली तीन माणसं त्या जागांवर बसली आणि गाडी निघाली. कोणाचं काही बिघडलं नाही.

बाबांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. अकरा वर्षांपूर्वी मी याच फाट्यावरून कॅनडाला निघाले, तेव्हा मी आत होते आणि माय खाली. या वेळी दोघी आत होतो. मला वाटलं, सुटलो. आता मागं कोणी उरलं नाही, काळजी मिटली. गावातल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखे आपापल्या आयांना इकडे घेऊन आलेल्यांनो, हे असं वाटणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा असतो, हे आता लिहून ठेवते.

मी इथं एका दातांच्या दवाखान्यात फायली सांभाळते. यजमान सकाळी सातला निघतात, लेक आठला स्कूलबसमध्ये चढते, मी साडेआठला. त्यानंतर संध्याकाळी चारपर्यंत माय आणि खिडकी. धनजला रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला ती "कुठं निंगाले?" विचारायची आणि समोरचाही थांबून सांगायचा. इथं रस्त्यावर माणूसच नाही. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन जातो, त्याला ती काचेतून हात करायची. पहिल्या हिवाळ्यात ती मला म्हणाली, "कापूस वेचाले धाडशीन तर जाईन, पन मले असं बसवून ठेवू नको." मी तिला टीव्हीवर मराठी मालिका लावून दिल्या. त्याहून काही सुचलं नाही. दवाखान्यातून परत आले की तिचं तोंड पाहून मला आधी वाईट वाटायचं आणि मग तिचाच राग यायचा, हेही सांगून टाकते.

लेकीची पुस्तकं परत करायला गेले होते तेव्हा लायब्ररीतला तो फलक दिसला. शिवणकाम, ज्येष्ठांसाठी कॉम्प्युटर, बियाण्यांची देवाणघेवाण, आणि बुधवारी दहा वाजता इंग्रजी बोलायचा वर्ग. सगळं फुकट. मायला सांगितलं तर तिनं आधी विचारलं, "काहून फुकट?" तिचं चुकलं नाही. आपल्याकडे फुकट म्हटलं की एक तर पंगत असते नाही तर निवडणूक. आणि वाचनालय म्हणजे सकाळी पुरुषांनी पेपर वाटून घ्यायची जागा: एकाच्या हातात पहिलं पान, दुसऱ्याच्या हातात बाजारभावाचं, आणि पहिलं पान कधी मोकळं होतं याकडे तिसऱ्याचं लक्ष. एखादी बाई पायरी चढली असती तर ती नवऱ्याला जेवायला बोलवायला आली असंच सगळ्यांना वाटलं असतं. चौथी शिकलेली माझी माय उभ्या जन्मात कधी ती पायरी चढली नव्हती.

पहिल्या बुधवारी मी अर्धा दिवस रजा काढून तिला पोचवलं. काचेचं दार, आत गोलात बारा खुर्च्या. शिकवणाऱ्या जोन म्हणजे पांढऱ्या केसांच्या, निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी प्रत्येकाला नाव आणि गाव विचारलं. माय म्हणाली, "धनज." मग जोनबाईंनी ते गाव सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. घरी येताना गाडीत मायनं "धनज" दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "साऱ्या जगातल्या बाया धनज म्हने वं." त्या दिवशी ती जेवताना दोन घास जास्त जेवली. पुढच्या आठवड्यापासून ती बसनं एकटी जायला लागली. आदल्या दिवशी लुगडं काढून ठेवायची. "आय अ‍ॅम फार्मर" हे वाक्य तिनं माझ्या लेकीकडून घासूनपुसून घेतलं आणि कुत्रेवाल्या म्हाताऱ्यालाही ऐकवलं.

तिथंच तिला झरीना भेटली. अफगाणी बाई, तिच्याच वयाची, नातवाला गोष्टींच्या तासाला घेऊन येणारी. झरीनाला थोडी उर्दू यायची आणि मायला वऱ्हाडातलं हिंदी, दोघींचं भागायचं. झरीनालाही हा वर्ग हवा होता, पण जागा भरलेल्या होत्या आणि तिचं नाव वेटिंग लिस्टवर होतं. दर बुधवारी ती काचेपलीकडच्या बाकावर नातवाला मांडीवर घेऊन बसायची आणि वर्ग सुटला की माय तिला त्या दिवशीचे शब्द सांगायची. पुढच्या सत्रात नंबर लागेल, असं काउंटरवरच्या मुलीनं झरीनाला सांगितलं होतं.

आता माझं कर्तृत्व ऐका. नव्या सत्राचं बुकिंग सोमवारी सकाळी नऊला उघडायचं आणि दहा मिनिटांत भरायचं. लायब्ररीच्या एका कार्डावर पाच नावं घालता येत होती. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी आदल्या आठवड्यात विचारलं होतं, कोणाच्या आईला, सासूला यायचंय का? चार जणींनी लिहिलं, "हो हो, नक्की, टाक नाव." मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून नऊ वाजता पाचही जागा धरल्या. किती हुशारी वाटली मला माझी! मायसाठी आपल्या बोलीतल्या चार बाया आणून बसवल्या म्हणून मी दिवसभर खुशीत होते. झरीनाची आठवण मला झाली नाही. झाली असती तरी, खरं सांगते, मी आधी आपलीच माणसं पाहिली असती.

आल्या का त्या चौघी? एकीचे गुडघे, एकीच्या नातवाची शाळा, एकीला बर्फाची भीती. चौथीच्या सुनेनं तर सरळच लिहिलं की आईंना या वयात इंग्रजी शिकून काय करायचंय, आणि तसं फुकटचंच आहे, न गेलं तरी चालतं. मीही "असू दे, पुढच्या वेळी" असं लिहून हात जोडल्याचं चित्र टाकलं. नाव कमी करायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. धरलेल्या जागेवर कोणी आलं नाही तर उभा असलेला माणूस बसतो, इतकंच मला माहीत. इथं मात्र वर्गाचं दार बंद होतं, यादी भरलेली होती, आणि ज्याचं नाव यादीत नाही त्याला आत घेत नाहीत. बारा खुर्च्यांपैकी चार रिकाम्या, आणि झरीना बाहेर बाकावर. असे कितीतरी बुधवार गेले. माय मला सांगायची, "चार खुर्च्या खालीच राह्यतात, काय माहीत कोनाच्या हायत." मी भाजी चिरत "हं" म्हणायचे.

सत्र संपताना ईमेल आला. फार गोड भाषेत होता. तुमच्या कार्डावरच्या चार जागा वारंवार रिकाम्या राहिल्यामुळे पुढच्या सत्रासाठी हे कार्ड बुकिंगला चालणार नाही, समजून घ्याल अशी आशा. मायचं नावही त्याच कार्डावर. एकही बुधवार न चुकवलेली बाई माझ्यामुळे बाहेर. मी काउंटरवर जाऊन भांडले. म्हणजे भांडायला गेले. समोरची मुलगी "आय अंडरस्टँड" म्हणत राहिली आणि अशा माणसाशी भांडताच येत नाही. आपल्याकडे साहेब डाफरतो, आपण डाफरतो, मध्ये कोणीतरी ओळखीचा पडतो आणि काम होतं. इथं कोणाच्या ओळखीनं जाऊ? मी मायची हजेरी दाखवली. तिनं कबूल केलं की ती फार नियमित आहे. नियम मात्र कार्डाला आहे, म्हणाली. गाडीत बसून मी त्या चौघींना मनातल्या मनात शिव्या घातल्या. जिच्या बोटांनी ते बुकिंग केलं, तिला शिव्या घालायचं धाडस व्हायला अजून दोन दिवस लागले.

पण मी वऱ्हाडातली आहे, हात टेकून बसणारी नाही. यजमानांच्या नावानं नवं कार्ड काढलं. सोमवारी नऊला बसले आणि मायसाठी एक जागा मिळवली. संध्याकाळी तिला सगळा प्रकार सांगितला, ईमेलपासून नव्या कार्डापर्यंत. मला वाटलं, सुटकेचा श्वास टाकेल. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे त्या चार खुर्च्या आपल्या होत्या?"

मी म्हटलं, हो, पण मी चांगल्यासाठीच.

"अन् झरीना बाहीर बसून राह्यली."

मी समजावलं की झरीनाचा नंबर या वेळी नाही तर पुढे लागेलच, इथं प्रत्येक जण आपलं आपलं पाहतो, मागच्या सत्रात तुझं नाव होतं म्हणून कोणी तुझ्यासाठी थांबणार नाही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रद्द कर ते. तिले भेटू दे."

मी चिडले. तिला म्हटलं, तुझी जागा सोडलीस तर ती झरीनाला मिळेल याची काही खात्री नाही, रांगेत कोणीही असेल. मग हिवाळाभर पुन्हा त्या खिडकीत बसशील, आणि मला रोज तुझं ते तोंड पाहावं लागेल. असंच म्हणाले मी, याच शब्दांत. मायचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही.

"दुसऱ्याच्या नावानं आत घुसून बसू काय मी? आपल्याले इथंच तोंड दाखवाचं हाय, वंदे."

मी फोन काढून तिच्यासमोर बुकिंग रद्द केलं. पडद्यावर "एक जागा उपलब्ध" आलं. मी पाहतच होते, तेवढ्यात ते गेलं. "भेटली तिले?" मायनं विचारलं. मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. त्यानंतर लाजेनं ती लायब्ररीत गेलेली नाही, आणि झरीनाचा फोन नंबर आमच्यापैकी कोणी कधी घेतलाच नव्हता.

आपल्याले इथंच तोंड दाखवाचं हाय. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. बांधावरून भांडण झालं, लग्नात मानपान चुकला, बाबा कोणाला तोडून बोलले की ती हेच म्हणायची, आणि तिच्या तोंडी "इथं" म्हणजे नेहमी धनजच असायचं. मी मात्र इतकी वर्षं इथं राहून या शहराबद्दल असं कधी म्हटलं नाही. चुकलं की दुसरं कार्ड, दुसरं काउंटर, दुसरी शाखा, असंच जगत आले. परक्या ठिकाणी माणूस लाजत नाही, वाट काढतो. घर म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर आजवर मी धनजच्या फाट्याकडे बोट दाखवलं असतं. आता कुठं दाखवायचं ते कळत नाही. मायला मात्र कळलं. तिनं या परक्या गावाला आपलं म्हटलं, आणि ज्या संध्याकाळी म्हटलं त्याच संध्याकाळी या गावात तिला जायला ठिकाण उरलं नाही. ते मीच घालवलं.